ध्वनिविज्ञानाची प्रयोगशाळा आणि घोष महाप्राणांचा प्रश्न

१

भाषेचा अभ्यासक म्हटला की ग्रंथालयात बसून जुन्या पोथ्या ताडून पाहणारा, शब्दांच्या व्युत्पत्ती लावणारा विद्वान डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत हे चित्र बव्हंशी खरेही होते. त्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मात्र या अभ्यासकांपैकी काहींनी ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडून शरीरशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकले. तेथे त्यांच्या हाती काजळी धरलेला कागद, रबरी नळी आणि ध्वनिकाटा ही साधने आली. भाषाविज्ञानाच्या एका शाखेचे स्वरूप त्यामुळे कायमचे पालटले. मानव्यविद्येचा अभ्यासक या शाखेपुरता प्रयोगशाळेतील संशोधक झाला, आणि त्या व्यवसायाची शिस्त, त्यातील कंटाळा, त्यातील निराशा आणि समाधान हे सारे त्याच्या वाट्याला आले.

या स्थित्यंतराचा सर्व इतिहास सांगणे येथे अभिप्रेत नाही. एकच प्रश्न धरून त्या इतिहासातून वाट काढली, तर प्रयोगशाळेने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, हे अधिक स्पष्ट होते. असा प्रश्न घ, झ, ढ, ध, भ या वर्णांचा आहे. मराठी भाषकाला तो प्रश्नच वाटत नाही. ‘काल’, ‘खाल’, ‘गाल’, ‘घाल’ हे चार शब्द लहान मूलही न चुकता वेगळे करते. परंतु यांतील चौथ्या शब्दाच्या आरंभी मुखात आणि कंठात काय घडते, याविषयी सुमारे शंभर वर्षे विद्वानांचे एकमत नव्हते. जगातील अनेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळा या प्रश्नाशी निरनिराळ्या काळी झटल्या. त्या झटापटीतच प्रयोगशाळेतील संशोधकाच्या कामाचे मर्म दिसून येते.

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रयोगशाळेतून आलेले नाही. वेदपठनाची शुद्धता राखण्यासाठी रचलेल्या प्रातिशाख्य ग्रंथांत ते आढळते. तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. कंठ संवृत असता नाद होतो, विवृत असता श्वास होतो, आणि मध्य अवस्थेत हकार होतो. स्वर व घोष वर्ण यांचे मूलद्रव्य नाद, अघोषांचे श्वास, आणि हकार व प्रत्येक वर्गातील चतुर्थ वर्ण यांचे मूलद्रव्य ती मध्य अवस्था, अशी त्याची वाटणी आहे. ऋक्प्रातिशाख्यानेही घोष महाप्राणांत आणि हकारात श्वास व नाद ही दोन्ही असतात असे म्हटले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या आचार्यांनी घ म्हणजे ग आणि त्यामागून येणारा ह, अशी साधी बेरीज केली नाही. त्यांच्या मते या वर्णांचा स्वभावच निराळा होता.

ही मांडणी पाश्चात्य विद्वानांपुढे आली तेव्हा तिचे स्वागत संमिश्र झाले. येल येथे संस्कृतचे अध्यापन करणारे विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अथर्ववेदाच्या व तैत्तिरीय शाखेच्या प्रातिशाख्यांचे संपादन आणि भाषांतर केले. त्यांच्या परिश्रमांविषयी आणि अचूकतेविषयी दुमत नाही. परंतु कंठाच्या मध्य अवस्थेच्या विधानाशी ते अडखळले. श्वास आणि नाद यांच्या मधला असा कोणताही उच्चार आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा या वर्णनावरून कोणतीही स्पष्ट कल्पना येत नाही, अशी कबुली त्यांनी आपल्या टीपेत दिली.

या कबुलीत प्रामाणिकपणा आहे आणि मर्यादाही आहे. व्हिटनींनी जे ऐकले नव्हते आणि जे त्यांच्या मातृभाषेत नव्हते, ते त्यांना असंभाव्य वाटले. स्वरतंतू एकतर कंप पावतात किंवा पावत नाहीत, तिसरी शक्यता कोठून येणार, हा त्यामागचा विचार तर्काला धरूनच होता. परंतु तर्काला धरून असणे आणि वस्तुस्थितीला धरून असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाद असा उभा राहिला की एका बाजूस दोन सहस्रकांहून जुनी, केवळ कानाने व अंतर्निरीक्षणाने मिळवलेली परंपरा, आणि दुसऱ्या बाजूस आधुनिक विद्वत्तेचा अविश्वास. निर्णय देणारे साधन तेव्हा दोघांपैकी कोणाकडेच नव्हते.

३

ते साधन वैद्यकाकडून आले. कार्ल लूडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने रक्तदाबातील चढउतार टिपण्यासाठी १८४७ मध्ये कायमोग्राफ सिद्ध केला. घड्याळाच्या यंत्राने सावकाश फिरणारा एक दंडगोल, त्यावर ताणून बसवलेला कागद, त्या कागदावर ज्योतीने धरवलेली काजळी, आणि त्या काजळीत रेघ ओढणारी बारीक तरफ, एवढाच त्याचा संसार होता. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी त्याला रबरी पडद्याच्या कुपीची जोड दिली. नळीतून आलेल्या हवेचा दाब पडद्यावर पडे, पडद्यामुळे तरफ हले आणि काजळीत तिची पांढरी रेघ उमटे.

१८७६ मध्ये मारे यांच्या प्रयोगशाळेत रोझापेली यांनी ओठ, मृदुतालू आणि कंठ या तिन्हींच्या हालचाली एकाच वेळी टिपून दाखवल्या. या कामी पॅरिसच्या भाषाविज्ञान मंडळाचे लुई आव्हे यांचे त्यांना साहाय्य होते. प्रश्न भाषाशास्त्रज्ञाचा, यंत्र शरीरशास्त्रज्ञाचे आणि हात वैद्याचे, अशी ती त्रिवेणी होती. पुढे प्रायोगिक ध्वनिविज्ञान म्हणून जे ओळखले गेले त्याचा आरंभ साधारणपणे येथे मानला जातो.

या विद्येला स्वतःचे घर मिळवून दिले ते झाँ-पिएर रूस्लो यांनी. रूस्लो यांचा जन्म १८४६ चा. ते कॅथलिक धर्मगुरू होते. १८९१ मध्ये त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय सेलफ्रुआँ या गावातील एका कुटुंबाची बोली हा होता, आणि ते कुटुंब त्यांचे स्वतःचेच होते. एकाच घरातील निरनिराळ्या पिढ्यांच्या उच्चारांतही भेद असतात हे त्यांनी यंत्राच्या साहाय्याने दाखवले. ध्वनिपरिवर्तनाचे नियम म्हणजे संपूर्ण भाषेवर एकाच क्षणी लागू होणारी आज्ञा होय, असे मानणाऱ्यांना हा शांतपणे दिलेला धक्का होता.

१८९७ मध्ये कोलेज द फ्राँस येथे प्रायोगिक ध्वनिविज्ञानाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिचे काम रूस्लो यांच्याकडे आले. मात्र तेथील त्यांचा दर्जा दीर्घकाळ प्रयोगसाहाय्यकाचा होता. प्राध्यापकपद त्यांना आयुष्याच्या अगदी अखेरीस लाभले, आणि १९२४ मध्ये ते निवर्तले. एका नव्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाने आपल्या कारकिर्दीचा बहुतेक काळ दुय्यम पदावर काढावा, ही गोष्ट विद्यापीठांच्या व्यवहारात अपवादात्मक नाही. प्रयोगशाळेतील काम हाताचे असते, आणि हाताच्या कामाला विद्वत्तेच्या पंक्तीत बसवण्यास सर्वच विद्यापीठांनी वेळ घेतला.

त्या हाताच्या कामाचे स्वरूप कसे होते, हेही पाहिले पाहिजे. कागद दंडगोलावर सुरकुती न पडता बसवावा लागे. काजळी सर्वत्र सारखी धरावी लागे, कारण ती दाट झाली तर तरफ अडे आणि विरळ झाली तर रेघ दिसत नसे. भाषकाच्या मुखाशी एक नळी, नाकपुडीत दुसरी आणि कंठावर तिसरी कुपी लावून त्याला बोलण्यास सांगत. कालगणनेसाठी ध्वनिकाट्याची कंपने बाजूलाच टिपून घ्यावी लागत. शब्द उच्चारून झाला की कागद अलगद काढून लाखेच्या द्रावणात बुडवावयाचा आणि वाळत घालावयाचा. एका बोटाच्या स्पर्शाने सकाळभराचे काम पुसले जाणे शक्य असे. त्यानंतर खरे काम सुरू होई. भिंगाखाली एकेक लाट मोजणे, ती वहीत नोंदणे, आणि तोच शब्द पुन्हा उच्चारवून पुन्हा मोजणे, असा तो क्रम होता. तालुलेखनाची पद्धतही अशीच जिकिरीची होती. दंतवैद्यांकडून घेतलेल्या तंत्राने कृत्रिम टाळू तयार करून त्यावर भुकटी पसरत, आणि एकच ध्वनी उच्चारल्यावर जिभेने ती कोठे पुसली हे पाहत.

कायमोग्राफने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. घोष आणि अघोष यांतील भेद डोळ्यांना दिसू लागला. कंठाच्या रेघेवर लाटा असल्या तर नाद, रेघ सरळ असली तर नाद नाही. परंतु रबरी पडद्याला आणि तरफेला स्वतःचे जडत्व असते, आणि सूक्ष्म व जलद कंपने त्यांच्याने टिपली जात नाहीत. घोष महाप्राणांचे मर्म नेमके या सूक्ष्मात दडलेले होते. यंत्राने प्रश्न अचूक विचारण्यास शिकवले, मात्र उत्तर देण्याइतके ते स्वतः तरबेज झाले नव्हते.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिविज्ञानाचे आणखी एक केंद्र लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उदयास आले. डॅनियल जोन्स यांनी तेथे १९०७ मध्ये अध्यापनास आरंभ केला आणि १९२१ मध्ये ते प्राध्यापक झाले. प्रयोगशाळेची व्यवस्था स्टीफन जोन्स यांच्याकडे होती. तेथे कायमोग्राफ होता, कृत्रिम टाळू होते. जिभेवर धातूची बारीक साखळी ठेवून क्ष-किरणांनी छायाचित्रे घेण्याचे प्रयोगही जोन्स यांनी केले. तरीही जोन्स यांच्या विचारात प्रयोगशाळेचे स्थान दुय्यमच राहिले. त्यांच्या मते ध्वनिशास्त्रज्ञाचे खरे उपकरण म्हणजे त्याचा सुशिक्षित कान. यंत्राने त्याला पुष्टी द्यावी, त्याची जागा घेऊ नये.

भारतीय भाषाविज्ञानावर या परंपरेचा परिणाम मोठा झाला. सुनीतिकुमार चतर्जी यांनी १९१९ नंतरची काही वर्षे लंडनमध्ये अध्ययन केले आणि जोन्स यांच्याकडे ध्वनिविज्ञानाचे धडे घेतले. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगाली भाषेच्या उद्गम-विकासावरील त्यांच्या ग्रंथात उच्चारांचे जे काटेकोर वर्णन आहे, त्यामागे हे कानाचे शिक्षण स्पष्ट दिसते.

कान श्रेष्ठ की यंत्र, हा वाद त्या काळी कधी कधी कटूही झाला. परंतु मागे वळून पाहता त्याची मांडणीच सदोष होती असे म्हणावे लागते. व्हिटनींचा कान सामान्य नव्हता. तरी मातृभाषेच्या चौकटीबाहेरचे ऐकण्यास तो असमर्थ ठरला. उलट यंत्राला मातृभाषा नसते, पण कोणती रेघ महत्त्वाची आणि कोणती नव्हे हेही त्याला कळत नाही. प्रातिशाख्यकारांना जे साधले ते केवळ त्यांचा कान तीक्ष्ण होता म्हणून नव्हे. तो वर्ण त्यांच्या स्वतःच्या तोंडी होता, आणि कंठातील ताण व शैथिल्य त्यांना आतून जाणवत होते. तेव्हा कान, यंत्र आणि भाषकाचा स्वानुभव या तिन्हींची सांगड घालणे हेच प्रयोगशाळेचे खरे कार्य ठरते.

५

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोग्राफ हे यंत्र तयार झाले. त्याची माहिती युद्धानंतर प्रसिद्ध झाली आणि लवकरच ते विद्यापीठांना विकत मिळू लागले. या यंत्रात दोन-अडीच सेकंदांचे बोलणे चुंबकीय माध्यमावर नोंदले जाई. ते पुनःपुन्हा वाजवून प्रत्येक वेळी निराळ्या कंपनसंख्येची शक्ती मोजली जाई, आणि दंडगोलावरील खास कागद सुईतील विजेने जळून त्यावर ध्वनिचित्र उमटे. आडव्या दिशेने काळ, उभ्या दिशेने कंपनसंख्या, आणि काळसरपणावरून तीव्रता वाचता येई. काजळीची जागा जळक्या कागदाच्या वासाने घेतली. तथापि संशोधकाचे कष्ट मूलतः तेच राहिले. एका चित्राला काही मिनिटे लागत, शेकडो चित्रे काढावी लागत, आणि पट्टीने मोजमाप करण्यास दुसरा उपाय नव्हता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन यांनी हॅस्किन्स प्रयोगशाळेत केलेले काम याच पट्टीचे होते. ही प्रयोगशाळा स्वतंत्र असली तरी तिचे बहुतेक संशोधक कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाचे अध्यापक होते. लिस्कर यांचा भारतीय भाषांशी जुना परिचय होता, आणि तेलुगू भाषेचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९६३ चे आहे. एब्रॅमसन यांचा अभ्यास थाई भाषेचा होता. १९६४ मध्ये या दोघांनी ‘वर्ड’ या नियतकालिकात अकरा भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्शांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या अकरा भाषांत हिंदी, तमिळ आणि मराठी या तीन भारतीय भाषा होत्या.

त्यांची कल्पना अत्यंत साधी होती. स्पर्श वर्णात मुखाचा मार्ग अडतो आणि मग फुटतो. तो फुटण्याचा क्षण शून्य मानावयाचा आणि स्वरतंतूंचे कंपन त्या क्षणाच्या किती आधी वा किती नंतर सुरू होते एवढेच मोजावयाचे. आधी सुरू झाले तर ऋण संख्या, नंतर झाले तर धन. घोष, अघोष, अल्पप्राण, महाप्राण, कठोर, मृदू अशा अनेक संज्ञांचा पसारा या एका मापाने आवरता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती पुष्कळ अंशी खरी ठरली. निरनिराळ्या भाषांतील स्पर्श साधारणपणे तीन गटांत पडले. पहिल्यात कंपन स्फोटाच्या १२५ ते ७५ मिलिसेकंद आधी सुरू होई, दुसऱ्यात स्फोटाबरोबर किंवा २५ मिलिसेकंदांच्या आत, आणि तिसऱ्यात ६० ते १०० मिलिसेकंद नंतर. मराठीचा ग पहिल्या गटात, क दुसऱ्यात आणि ख तिसऱ्यात अचूक बसला. इंग्रजी भाषकाला क आणि ग यांतील भेद का चकवतो आणि मराठी भाषकाला इंग्रजी शब्दांच्या आरंभीचे स्पर्श थोडे निराळे का वाटतात, याचा उलगडाही या मापाने झाला.

परंतु घ कोठेच बसला नाही. त्याचे कंपन ग प्रमाणेच स्फोटाच्या आधी सुरू होत होते. म्हणजे या मापाच्या दृष्टीने ‘गाल’ आणि ‘घाल’ हे शब्द एकच ठरत होते. हिंदीतही तेच आढळले.

अशा प्रसंगी संशोधकाची कसोटी लागते. एक सुंदर, साधे आणि नऊ भाषांत यशस्वी ठरलेले माप हाती आले आहे, आणि दोन भाषांतील एक वर्ग त्याला जुमानत नाही. तो वर्ग बाजूला ठेवण्याचा, त्याला अपवाद म्हणून तळटीपेत टाकण्याचा, किंवा घ म्हणजे ग व ह यांचा संयोग असे मानून प्रश्नच मिटवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. लिस्कर आणि एब्रॅमसन यांनी तसे केले नाही. आपले माप या वर्गापुरते अपुरे आहे असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. इतकेच नव्हे, तर घोष महाप्राणांत स्फोटानंतरच्या कालखंडात क्षीण कंपन आणि श्वासाचा खरखराट ही एकत्र मिसळलेली दिसतात हेही त्यांनी आपल्या ध्वनिचित्रांवरून सांगितले. श्वास आणि नाद दोन्ही एकत्र, हे ऋक्प्रातिशाख्याचेच विधान होते. फरक इतकाच की ते आता जळक्या कागदावर उमटले होते.

६

या टप्प्यावर प्रश्न पुन्हा भारतातील भाषांकडे वळला. १९५५ च्या सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले होते, आणि वर्णनात्मक भाषाविज्ञानाची एक नवी पिढी त्यातून घडत होती. याच काळात, १९५७ मध्ये, प्रबोध पंडित यांनी गुजराती भाषेतील नासिक्य, महाप्राणता आणि मर्मर यांविषयी एक लेख लिहिला. गुजरातीत बारा या संख्येचा वाचक शब्द, ‘बाहेर’ या अर्थाचा शब्द आणि भाराचा वाचक शब्द हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे राहतात. पहिल्यात साधा स्वर, तिसऱ्यात महाप्राण व्यंजन, आणि दुसऱ्यात श्वासमिश्रित स्वर असतो. म्हणजे श्वास व नाद यांचे मिश्रण केवळ व्यंजनाचा गुण नसून ते स्वरावरही येऊ शकते.

या निरीक्षणाची प्रयोगशाळेतील तपासणी कोपनहेगन विद्यापीठात झाली. एली फिशर-यॉर्गेनसेन (१९११–२०१०) या तेथे १९६६ मध्ये ध्वनिविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. डेन्मार्कमधील या विषयाचे ते पहिले प्राध्यापकपद होते. गुजरातीच्या मर्मर स्वरांवरील त्यांचा विस्तृत लेख १९६७ मध्ये ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मर्मर स्वरात हवेचा प्रवाह अधिक असतो, स्वराची उंची काहीशी उतरते, आणि मूळ कंपनाची शक्ती वरच्या संवादी कंपनांच्या मानाने वाढते, असे त्यांना आढळले. यांतील अखेरची खूण पुढे फार उपयोगी ठरली. पहिल्या दोन संवादी कंपनांच्या तीव्रतेतील अंतर हे श्वासमिश्रित नादाचे एक प्रमाणभूत माप म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाले.

आता एवढेच उरले होते की कंठात प्रत्यक्ष डोकावून पाहावे. १९६८ मध्ये टोकियो विद्यापीठातील सावाशिमा आणि हिरोसे यांनी काचतंतूंची अशी एक बारीक दुर्बीण वर्णिली की जी नाकातून आत घालता येते. त्यामुळे भाषक बोलत असतानाच त्याचे स्वरतंतू पाहणे शक्य झाले. तोवरचे आरसे तोंडातून घालावे लागत, आणि तोंडात आरसा असता क वा घ उच्चारणे अशक्यच असते. १९७५ मध्ये कागाया आणि हिरोसे यांनी या साधनाने हिंदीच्या चारही प्रकारच्या स्पर्शांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. अघोष महाप्राणात स्फोटाच्या सुमारास कंठद्वार पुष्कळ उघडते. घोष अल्पप्राणात ते बंद राहते आणि तंतू कंप पावत असतात. घोष महाप्राणात मात्र आरंभी तंतू एकमेकांजवळ असतात. मग कंठद्वार उघडू लागते, परंतु अघोष महाप्राणाइतके नाही, आणि तंतूंचे कंपन थांबत नाही. ते पुरते मिटलेलेही नाही आणि पुरते उघडलेलेही नाही. तैत्तिरीय प्रातिशाख्याने तिला मध्य अवस्था म्हटले होते, आणि व्हिटनींना हीच अवस्था कल्पनेत आणता आली नव्हती.

येथे प्राचीनांच्या गौरवाने हुरळून जाणे योग्य होणार नाही. प्रातिशाख्यकारांनी कंठाची स्थिती ओळखली, परंतु त्या स्थितीचा काळातील क्रम त्यांच्या वर्णनात नाही. घ च्या बंदीच्या आरंभी कंठ संवृत असतो आणि मध्य अवस्था नंतर येते, हे सूक्ष्म कालमापनावाचून कळणे शक्य नव्हते. उलट लिस्कर आणि एब्रॅमसन यांच्या मापात काळ होता, पण स्थिती नव्हती. एका बाजूने जे सुटले ते दुसऱ्या बाजूने मिळाले. या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज जे सांगितले जाते ते या दोहोंच्या मिलाफातून आलेले आहे.

७

मराठीच्या अभ्यासकाला मात्र येथे थांबता येत नाही. म्हैस, न्हावी, व्हावे यांसारख्या शब्दांत मराठीने ही श्वासमिश्रित नादाची खूण अनुनासिकांवर आणि अंतस्थांवरही आणली आहे. जगातील फार थोड्या भाषांत अशी व्यंजने आढळतात. अनुनासिकात मुखमार्ग अडला तरी नासिकामार्ग मोकळा असतो, त्यामुळे स्पर्शासारखा स्फोट नसतो. स्फोटच नसल्यावर त्याच्या आधी वा नंतर मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून म आणि म्ह यांतील भेद शोधण्यास १९६४ चे माप मुळातच निरुपयोगी ठरते, आणि संवादी कंपनांच्या तीव्रतेसारख्या अन्य खुणांकडे वळावे लागते. २०१३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात केली बर्क्सन यांनी मराठीतील साध्या व श्वासयुक्त व्यंजनांवर जो प्रबंध सादर केला, त्यात स्पर्शांबरोबर या व्यंजनांचाही ध्वनिलहरींच्या दृष्टीने तपशीलवार विचार झाला आहे.

म्ह हा एक वर्ण मानावयाचा की म आणि ह यांचा संयोग, हा मराठी व्याकरणातील जुना प्रश्नही येथे उपस्थित होतो. लिपी त्याला जोडाक्षर मानते. परंतु लिपीचा निवाडा हा ध्वनीचा निवाडा नव्हे. देवनागरीने घ ला स्वतंत्र अक्षर दिले आणि म्ह ला दिले नाही, याचे कारण लिपी ज्या भाषेसाठी घडली त्या भाषेच्या वर्णव्यवस्थेत शोधले पाहिजे. मराठी भाषकाच्या कंठात ते सापडणार नाही. हा प्रश्न केवळ मोजमापाने सुटणारा नाही, कारण वर्णाचे एकत्व हे व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरते. मात्र मोजमापावाचून तो नीट मांडताही येणार नाही.

काजळीच्या कागदापासून काचतंतूंच्या दुर्बिणीपर्यंतच्या या वाटचालीत प्रयोगशाळेतील संशोधकाच्या कामाविषयी दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली अशी की, या कामातील मोठा भाग पुनरुक्तीचा आहे. एकच शब्द अनेक वार उच्चारविणे, एकच लांबी अनेक वार मोजणे, आणि हाती आलेल्या आकड्यावर तो दुसऱ्यांदा तसाच येईपर्यंत विश्वास न ठेवणे, हे ज्याला कंटाळवाणे वाटते त्याने प्रयोगशाळेची वाट धरू नये. रूस्लो यांच्या दुय्यम पदावरील दीर्घ वर्षांत हेच काम चालले होते, आणि त्याखेरीज पुढचे काहीच घडले नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रत्येक टप्प्यावर प्रगती झाली ती न बसणाऱ्या अवशेषामुळे. व्हिटनींनी आपल्याला न समजलेले विधान गाळले नाही. ते जसेच्या तसे भाषांतरित करून आपली असमर्थता त्याखाली नोंदवली, म्हणून पुढच्यांना ते तपासता आले. लिस्कर आणि एब्रॅमसन यांनी मराठीचा आणि हिंदीचा चतुर्थ वर्ण आपल्या तक्त्यातून वगळला नाही, म्हणून नव्या मापाची गरज सर्वांच्या दृष्टीस पडली. सिद्धान्त चुकीचा ठरल्याने शास्त्राची हानी होत नाही. गैरसोयीची नोंद पुसली गेली तर मात्र ती होते, आणि अशी हानी सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

संशोधनाची वही नीटनेटकी करताना ज्या ओळी खोडाव्याशा वाटतात, त्याच ओळी पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडण्याचा संभव अधिक असतो. ‘घाल’ या शब्दाच्या आरंभी असणाऱ्या ध्वनीने सुमारे एका शतकाच्या काळात तीन खंडांतील प्रयोगशाळांना हा धडा दिला. मराठीच्या म्ह, न्ह आणि व्ह यांची तपासणी करणाऱ्या अभ्यासकालाही तो ध्यानी ठेवावा लागेल.